वाचक विचारतात : आपोआप आत, आपोआप बाहेर

या वेळच्या पत्रांत मोरावळा आहे, सलाइन आहे, क्षारपड जमीन आहे आणि शाळेतला मनुक्यांचा प्रयोगही आहे. विषय वेगवेगळे दिसले तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : पेशीभोवतीच्या जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीच्या पटलातून, पेशीने पदरची ऊर्जा न खर्चता, काय जातं आणि काय अडतं. कण दाटीकडून विरळ बाजूकडे पसरतात ते विसरण; कण अडवणाऱ्या पटलातून पाणी कमी कणांकडून जास्त कणांकडे जातं ते परासरण. उत्तरं देताना आम्ही दर वेळी तीन गोष्टी तपासल्या आहेत. दोन्ही बाजूंना विरघळलेले कण किती, त्यांना जायला वाट आहे का, आणि पटल शाबूत आहे का. तिसरी गोष्ट पुस्तकात सहसा कुणी विचारत नाही, आणि बरेचसे घोटाळे तिथेच होतात.

प्रश्न : परासरण शिकवताना आम्ही मनुके पाण्यात भिजवतो. ते फुगतात आणि मुलं खूश होतात. यंदा एका मुलाने ते पाणी चाखलं आणि विचारलं, "पटल साखर अडवतं ना? मग पाणी गोड कसं झालं?" काय सांगावं?
— माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा

मुलगा बरोबर आहे, प्रयोगच लंगडा आहे, असं सरळ सांगावं.

मनुका म्हणजे मेलेल्या पेशींची गोळी. सांगली-तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट (लिटरला २५ ग्रॅम) आणि डिपिंग ऑइल (लिटरला १५ मिली) यांच्या द्रावणात दोन-चार मिनिटं बुडवतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. त्या द्रावणाने सालीवरच्या मेणाच्या थराला वाटा पडतात आणि पाणी लवकर उडतं. ओलावा १५-१६ टक्क्यांवर येईपर्यंत आतल्या पेशींची पटलं केव्हाच फाटलेली असतात. असा मनुका पाण्यात टाकला की पाणी आत शिरतं हे खरं, पण साखरही बाहेर पडतेच. फक्त पाण्याचा रेणू लहान असल्याने तो भराभर आत येतो आणि साखर सालीतून रेंगाळत जाते, म्हणून मनुका फुगलेला दिसतो. इथे काम करते ती साल. निवडक्षम पटल दाखवायचं असेल तर पेशी जिवंत हवी.

त्यासाठी बटाटा घ्या. सोलून १ × १ × ५ सेंटिमीटरच्या चकत्या कापा. सालीचा कण राहू देऊ नका, साल पाणी अडवते. चार-चार चकत्यांचे पाच गट करा, प्रत्येक गट ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलून आकडा लिहा. पाच पेल्यांत १०० मिलीला अनुक्रमे ०, ५, १०, १५ आणि २० ग्रॅम साखर या प्रमाणात द्रावण करा. चकत्या तासभर बुडवून ठेवा, काढून टिपकागदावर टिपा आणि पुन्हा तोला. वजनातला फरक टक्क्यांत काढायला सांगा, कारण सुरुवातीची वजनं सारखी नसतात. साध्या पाण्यातल्या चकत्या कडक होऊन वजनाला भरतात, २० टक्क्यांतल्या मऊ पडून हलक्या होतात, आणि आलेखाची रेघ शून्याला साधारण १० टक्क्यांच्या आसपास छेदते. ते बटाट्याच्या पेशीरसाशी समपरासारी द्रावण, म्हणजे ज्यात पाणी एकंदरीत ना आत जातं ना बाहेर.

गडबड होते ती टिपण्यात. एका गटाला दाबून टिपलं आणि दुसऱ्याला नुसतं टेकवलं की आकडे वेडेवाकडे येतात, म्हणून टिपण्याचं काम एकाच मुलाकडे द्या. शीतगृहातला जुना बटाटा चवीला गोडसर असतो. त्यात रेघ पुढे सरकते. ती चूक मानू नका, वर्गात त्यावर चर्चा करा.

पटल शाबूत असणं म्हणजे काय हे दाखवायला बीट उत्तम. एक सेंटिमीटरचे ठोकळे कापून वाहत्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, म्हणजे कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जातो. एक ठोकळा साध्या पाण्यात, एक ४० अंशांच्या, एक ६० अंशांच्या आणि एक ७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा. मग प्रत्येक ठोकळा २० मिली गार पाण्यात वीस मिनिटं ठेवा. पहिल्या दोघांचं पाणी जवळजवळ तसंच राहतं, ७० अंशांचं गडद लाल होतं. बीटचा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो. बाहेर यायचं तर त्याला रिक्तिकेचं आणि पेशीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात, आणि ती शाबूत असेपर्यंत तो अडून राहतो. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून वितळलेला एक ठोकळाही शेजारी ठेवा. बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाटलेली असल्याने तो न तापवताही भळाभळा रंग सोडतो.

प्रश्न : मोरावळ्यातले आवळे सुरकुतून चामट झाले. पाक चांगला घट्ट होता, साखरही कमी नव्हती. काय चुकलं?
— रत्नागिरी

पाक चांगला घट्ट होता, तेच चुकलं.

दाट पाकात आवळा टाकला की बाहेर साखरेचे कण फार आणि आत कमी. पाणी आवळ्यातून झपाट्याने बाहेर धावतं, पण साखर तेवढ्या वेगाने आत शिरू शकत नाही. आवळ्याचा गर आकसतो, आणि आकसलेल्या गरातून साखर आणखी हळू सरकते. एकदा असा चामट झालेला आवळा त्याच पाकात महिनाभर मुरवला तरी सुधारत नाही.

आवळे आधी वाफवायचे किंवा उकळत्या पाण्यातून काढायचे, यामागचं कारण पटलाशी निगडित आहे. कच्च्या आवळ्याच्या पेशी जिवंत असतात आणि साखरेला आत घेत नाहीत. उष्णतेने पटलं मोडली की साखरेची वाट मोकळी होते. वाफ किती द्यायची? सुई सहज टोचली जावी पण पाकळ्या सुट्या होऊ नयेत इतपत. चोचवण्याचा हेतू वेगळा आहे. सालीवर मेणचट थर असतो, त्याला भोकं पाडायची आणि साखरेला चालावं लागणारं अंतर कमी करायचं. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट. साध्या पाण्यात साखरेला एक सेंटिमीटर सरकायला साधारण २७ तास लागतात, अर्ध्या सेंटिमीटरला सात तासही लागत नाहीत. आवळ्याच्या गरात आणि दाट पाकात हे सगळं कितीतरी सावकाश होतं. चार-पाच टोचे मारून भागत नाही. बीपर्यंत पोचतील असे, सगळीकडून आणि जवळजवळ मारा.

आता पाक. पहिल्या दिवशी ६०० ग्रॅम पाण्याला ४०० ग्रॅम साखर, म्हणजे ४० टक्के. त्यात वाफवलेले आवळे बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाक चाखलात तर तो पातळ झालेला आढळेल, कारण आवळ्यांचं पाणी त्यात उतरलेलं असतं. आवळे बाजूला काढा, पाकात साखर घालून किंवा तो आटवून ५० टक्क्यांवर आणा, कोमट झाला की आवळे परत सोडा. असं रोज दहा-दहा टक्क्यांनी चढवत ७० टक्क्यांपर्यंत जा. हे मापायचं साधन नसेल तर साधा थर्मामीटर चालतो. सत्तर टक्क्यांचा पाक तुमच्याकडे साधं पाणी ज्या तापमानाला उकळतं त्यापेक्षा ५-६ अंश वर उकळतो.

शेवटच्या पाकात घातल्यावर तीन-चार दिवसांनी बरणी पुन्हा तपासा, ही पायरी बहुतेक जण गाळतात. पाक परत सैल झालेला असतो, आणि ६५ टक्क्यांखाली गेला की फसफसायला लागतो. तो पुन्हा एकदा आटवा, मगच बरणी ठेवून द्या.

आत्ता सुरकुतलेले आवळे टाकून देऊ नका. पाक निथळून त्यात गरम पाणी घालून निम्मा पातळ करा, आवळे त्यात दिवसभर ठेवा आणि चढती पायरी पुन्हा सुरू करा. पहिल्यासारखे गोल होतीलच असं नाही, पण चामटपणा बराच उतरेल.

प्रश्न : सलाइन ०.९ टक्केच का असतं? आणि मग ५ टक्के ग्लुकोजची बाटली कशी चालते? ५ टक्के म्हणजे किती तरी जास्त झालं.
— नर्सिंगचा विद्यार्थी, नांदेड

टक्केवारी वजनाची असते आणि परासरण कणांच्या संख्येवर चालतं. ०.९ टक्के म्हणजे लिटरला मिठाचे ९ ग्रॅम, भागिले त्याचा रेणुभार ५८.५ म्हणजे १५४ मिलिमोल. पाण्यात प्रत्येकाचे दोन कण होतात, सोडियम आणि क्लोराइड, म्हणून लिटरला ३०८ मिलिऑस्मोल, म्हणजे विरघळलेल्या एकूण कणांचं माप. ग्लुकोजचे ५० ग्रॅम भागिले १८० म्हणजे सुमारे २७८, आणि ग्लुकोज पाण्यात फुटत नाही. रक्तद्रव २७५ ते २९५ च्या दरम्यान असतो. बाटलीत असताना दोन्ही द्रावणं तांबड्या पेशींना जवळपास समपरासारी आहेत.

फरक शिरेत गेल्यावर पडतो. सोडियम पेशीबाहेरच राहतो, कारण पटल त्याला सहजी आत घेत नाही आणि जो थोडा आत झिरपतो त्याला पटलातला पंप (ऊर्जा खर्चून चालणारं प्रथिन) बाहेर काढतो. ग्लुकोज मात्र वाहक प्रथिनांच्या वाटेने पेशींत जातं आणि वापरलं जातं. मागे उरतं ते नुसतं पाणी. म्हणजे ५ टक्के ग्लुकोज देणं हे थोड्या वेळाने साधं पाणी दिल्यासारखंच ठरतं, आणि ते भरपूर गेलं तर रक्तातला सोडियम पातळ होऊन मेंदूच्या पेशी फुगू शकतात. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला भराभर द्रव द्यायचा असतो तेव्हा ग्लुकोजची बाटली का लावत नाहीत, त्याचं कारण हे. दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात ठेवण्याची सवय वॉर्डात असेल तर ती मोडा.

तांबड्या पेशी किती सोसतात तेही पाहण्यासारखं आहे. मिठाचं द्रावण ०.५ टक्क्याच्या खाली उतरलं की निरोगी पेशी फुटू लागतात आणि ०.३ टक्क्याला बहुतेक सगळ्या फुटलेल्या असतात. याच गोष्टीवर थॅलेसेमियाच्या वाहकांची एक स्वस्त प्राथमिक चाचणी उभी आहे, तिला नेस्ट्रॉफ्ट म्हणतात. एका परीक्षानळीत ०.३६ टक्के बफर केलेलं सलाइन २ मिली, दुसरीत तेवढंच ऊर्ध्वपातित पाणी. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब. अर्ध्या तासाने नळ्या हलवून, मागे काळी रेघ मारलेला पांढरा कागद धरायचा. पेशी फुटल्या असतील तर द्रावण लाल पण पारदर्शक होतं आणि रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या पेशी लहान आणि चपट्या, आतल्या ऐवजाच्या मानाने पटल जास्त. त्यामुळे त्या बरंच पाणी पिऊनही फुटत नाहीत, द्रावण गढूळ राहतं आणि रेघ अस्पष्ट होते. लोहाच्या कमतरतेतही असंच दिसू शकतं, म्हणून रेघ दिसली नाही तर पुढची हिमोग्लोबिनची तपासणी करावीच लागते.

प्रश्न : जुलाब होत असताना जलसंजीवनीचं पाकीट एका ग्लासात घातलं तर लवकर गुण येतो का?
— धुळे

उलट जुलाब वाढतात. लहान मुलाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे.

एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. लिटरभर पाण्यात त्याचे २४५ मिलिऑस्मोल होतात, म्हणजे रक्तापेक्षा थोडे कमी. हा उतार मुद्दाम ठेवलेला आहे. पूर्वी हा आकडा ३११ होता, २००२ नंतर तो खाली आणला. तेच पाकीट २०० मिलीच्या ग्लासात घातलं की आकडा पाचपट, १२०० च्या वर जातो. मग पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्यात येतं, आणि जास्तीचा सोडियम रक्तात चढतो तो वेगळाच.

आतड्याच्या पेशीत सोडियमचे दोन कण ग्लुकोजच्या एका रेणूला सोबत घेऊन शिरतात. या भागाला पेशी अप्रत्यक्षपणे ऊर्जा पुरवते, कारण सोडियमचा उतार पंपाने राखावा लागतो. पाणी मात्र त्यांच्या मागोमाग आपोआप येतं. पटकी झाली तरी ही वाट बहुतांशी चालू राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरं पडलं तेव्हा याच तत्त्वावरचं मीठ-ग्लुकोजचं द्रावण पिंपांतून पाजलं आणि असंख्य जीव वाचवले.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ५ मिलीचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचा ढीग काढलेला. गोडी आवडते म्हणून साखर वाढवली तर न शोषलेली साखर पाणी आतड्यात ओढून धरते. बाजारात २०० मिलीची लहान पाकिटंही मिळतात, तेव्हा मागचं वाचूनच पाणी घ्या. केलेलं द्रावण २४ तासांनंतर ओतून द्या. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा सतत उलटी होऊ लागली तर दवाखाना गाठा.

प्रश्न : पोहल्यावर बोटं सुरकुततात ते परासरणामुळेच ना?
— इयत्ता नववी, ठाणे

नाही. कातडी पाणी शोषते, पण सुरकुत्या पडतात त्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे, आणि तो हुकूम मज्जातंतूंकडून येतो. बोटाची नस तुटलेली असेल तर ते बोट पाण्यात कितीही वेळ ठेवलं तरी सुरकुतत नाही.

प्रश्न : उसाला पाणी भरपूर देतो, माती ओलीच असते, तरी पानांची टोकं करपतात आणि पीक तहानल्यासारखं दिसतं. माती परीक्षणात ईसी १.८ आली. चार पर्यंत चालतं असं ऐकलं होतं.
— ऊस उत्पादक, ता. शिरोळ

आधी आकड्याचं बघू. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षार जास्त तितकी ती जास्त. चार डेसीसायमन प्रति मीटर ही क्षारपड जमिनीची मर्यादा संपृक्त मातीच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या) अर्काची आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा सहसा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. त्यात क्षार पातळ झालेले असतात, त्यामुळे आकडा बराच कमी येतो. त्या पद्धतीत १ च्या वर गेलं की सावध व्हायचं. तुमची १.८ चांगलीच जास्त आहे. अहवालावर पद्धत लिहिलेली असते, नसेल तर विचारून घ्या.

मुळं पाणी ओढतात ती परासरणाने. मूळरोमातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असेपर्यंत पाणी आत येतं. मातीच्या पाण्यात क्षार वाढले की तो फरक कमी होतो. ईसीला ०.३६ ने गुणलं की क्षारांमुळे पडणारी ओढ साधारण बारमध्ये मिळते. चार ईसीला जवळपास दीड बार. आणि माती वाफशावर येते तेव्हा संपृक्त अवस्थेच्या साधारण निम्मंच पाणी उरतं, क्षार मात्र तेवढेच, म्हणजे ओढ दुप्पट. पाणी समोर दिसतं पण मुळाला ते घेता येत नाही. उसाचं उत्पादन संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या पुढे गेली की घटायला लागतं, म्हणजे त्याला चार फारच झाले.

भरपूर पाणी हे इथे औषध नाही, रोगाचं कारण आहे. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर पाण्याची पातळी वर येते, केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागाशी पोचतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. म्हणून क्रम असा : आधी निचरा, मग धुवणी. चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला बाहेर जायला वाट करा. त्यानंतरच दर पाळीला पिकाच्या गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी द्या, म्हणजे क्षार मुळांखाली उतरतील. तुमच्या पाण्याची ईसी १ असेल आणि मुळांशी १.७ राखायची असेल तर जास्तीचं पाणी सुमारे १३ टक्के लागतं. निचऱ्याशिवाय धुवणी केली तर पातळी आणखी वर येईल. जिप्सम घालायचं ते विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांच्या वर असेल तरच. नुसत्या क्षारपड जमिनीत त्यावर पैसे घालवू नका. आपल्याकडे कुणीही उठून जिप्सम सुचवतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खतांचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅशचा क्षार निर्देशांक (खत मातीच्या पाण्याची ओढ किती वाढवतं त्याचं माप) ११६, सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६. तुमच्या जमिनीत महाग असलं तरी सल्फेट घ्या, आणि कोणतंही खत बुडख्याला चिकटून एका जागी टाकू नका. तिथल्या तिथे द्रावण इतकं दाट होतं की पाणी मुळातून उलटं बाहेर जातं आणि पेशींचा रससंकोच होतो, म्हणजे आतला ऐवज आकसून पेशीभित्तीपासून सुटतो.

प्रश्न : वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. त्यांचं पोटॅशियम वाढतं म्हणून डॉक्टर काळजीत असतात. मग मशीनच्या द्रावणात पोटॅशियम घालतातच कशाला? आणि दुसऱ्या दिवशी युरिया परत वर कसा?
— पिंपरी

डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनच्या गाळणीत, एका बाजूने रक्त मिनिटाला २०० ते ३०० मिली, दुसऱ्या बाजूने उलट दिशेने द्रावण साधारण ५०० मिली वाहतं. मध्ये दीड-दोन चौरस मीटर पटल, बारीक पोकळ तंतूंच्या रूपात. दिशा उलट ठेवल्याने तंतूच्या टोकापासून टोकापर्यंत रक्तात युरिया जास्त आणि द्रावणात कमी असा उतार टिकून राहतो. चार तासांत १२० लिटर द्रावण लागतं.

द्रावणात युरिया आणि क्रिएटिनिन शून्य, कारण ते पूर्ण घालवायचे आहेत. पोटॅशियम शून्य ठेवलं तर ते रक्तातून इतक्या झपाट्याने उतरेल की हृदयाची लय बिघडेल. द्रावणात लिटरला साधारण २ मिलिमोल ठेवलं की उतार राहतो आणि त्याला तळही राहतो. नेमका आकडा रुग्ण पाहून ठरतो. बायकार्बोनेट उलट वाटेने जातं. द्रावणात ते ३२-३५ असतं, रुग्णाच्या रक्तात कमी, म्हणून ते रक्तात शिरून आम्लता कमी करतं. नुसतं शुद्ध पाणी सोडलं असतं तर क्षार भराभर निघून गेले असते आणि तांबड्या पेशी पाणी पिऊन फुटल्या असत्या. द्रावणाची विद्युतवाहकता मशीन सतत मोजतं आणि ती हलली की अलार्म वाजतो, तो यासाठी. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं भोकांतून मावत नाहीत, ती रक्तातच राहतात.

जास्तीचं पाणी काढलं जातं ते मात्र परासरणाने नव्हे, दाबाच्या फरकाने. दोन डायलिसिसमध्ये वजन फार वाढलं तर तेवढ्याच चार तासांत जास्त पाणी ओढावं लागतं आणि रक्तदाब पडतो. म्हणून पाण्याच्या पथ्यावर इतका भर.

आता युरियाचं. मशीन फक्त रक्त धुतं. पेशींतला युरिया रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून संपल्यावर अर्ध्या-एक तासात तो थोडा वर चढतो, आणि रोजच्या आहारातून नवा तयार होतोच. पोटॅशियमचा तर जवळजवळ ९८ टक्के साठा पेशींच्या आत आहे. फॉस्फेटही आत दडलेलं आणि हळू निघणारं, म्हणून जेवणाबरोबर फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या देतात. डायलिसिस झालं म्हणून त्या दिवशी नारळपाणी आणि केळी चालतील, हा समज काढून टाका.

पोटातल्या डायलिसिसबद्दलही विचारलं आहे. तिथे पाणी परासरणाने निघतं. दोन लिटरच्या पिशवीत १.५, २.५ किंवा ४.२५ टक्के ग्लुकोज असतं आणि पोटाच्या आतलं आवरण पटलाचं काम करतं. ग्लुकोज हळूहळू रक्तात शोषलं जात असल्याने ओढ कमी होत जाते. ठरवलेल्या चार-सहा तासांपेक्षा पिशवी जास्त वेळ आत राहिली तर काढलेलं पाणी परत अंगात मुरायला लागतं. "जास्त वेळ ठेवली की जास्त सफाई" हा हिशेब तिथे चालत नाही.

प्रश्न : ग्लुकोज वाहक प्रथिनातून जातं, तरी त्याला विसरणच का म्हणायचं? सक्रिय वहन का नाही?
— अकरावी विज्ञान, लातूर

कारण ते उताराकडेच जातं. सक्रिय वहनात पेशी ऊर्जा खर्चून उताराविरुद्ध ढकलते. ग्लुट नावाची ही प्रथिनं फक्त दार उघडतात, ढकलत नाहीत. यकृतातल्या ग्लुट-२ मधून जेवणानंतर ग्लुकोज आत येतं आणि उपाशीपोटी त्याच वाटेने बाहेर जातं. ज्या बाजूला जास्त, तिथून कमीकडे.

साध्या विसरणाहून फरक आलेखात दिसतो. ऑक्सिजन पटलाच्या मेदातून थेट जातो, म्हणून फरक दुप्पट केला की वेगही दुप्पट होतो. वाहकांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे ग्लुकोज वाढवत नेलं तर वेग एका मर्यादेला सपाट होतो. परीक्षेत दोन रेघा दिल्या तर वाकलेली रेघ वाहकाची. पाण्याच्या वाहिन्या, म्हणजे ॲक्वापोरिन, याहून कितीतरी वेगवान : एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू. पीटर ॲग्रे यांना त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर विभागून. मॅकिनन यांचं काम पोटॅशियमच्या वाहिन्यांवरचं.

मधुमेह असलेल्यांसाठी इथे एक उपयोगाची गोष्ट आहे. स्नायूंमधली ग्लुट-४ प्रथिनं एरवी पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेली असतात आणि इन्सुलिनच्या सांगण्यावरून पटलावर येतात. व्यायामाने ती इन्सुलिनशिवायही येतात. इन्सुलिन घेऊन लगेच जोराचा व्यायाम केला तर दोन्ही वाटांनी दारं उघडून साखर एकदम उतरते, ती यामुळेच.

प्रश्न : काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून काय करावं?
— बेळगाव

मीठ वाढताना घाला. आधीच घालायचं असेल तर चोचवलेल्या काकडीला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पिळून काढा, मग दही आणि दाण्याचं कूट. चव पाहूनच पुढचं मीठ घाला, पिळल्यावरही थोडं काकडीत उरतंच. पिळलेलं पाणी कणकेत चालतं.